दुबई तीन तासांवर. पण घरापासून किती?

वाचकहो, तुमच्या गावातला, निदान तुमच्या पंचक्रोशीतला एखादा तरी माणूस आज दुबईला असेल. रत्नागिरीच्या कोकणपट्टीत तर अशा वाड्या आहेत की घराआड एक पोरगा आखातात. कोणी गवंडी, कोणी सुतार, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलात. त्यांच्यापैकी कोणाचा विषय निघाला की पारावरचा जाणता माणूस पटकन सांगून टाकतो, "दुबई काय हो, तीन तासांवर आहे. सकाळी बसला की दुपारच्या जेवणाला तिकडे."

हे खोटे नाही, पण पुरतेही नाही. हे तीन तास विमानाचे आहेत, माणसाचे नाहीत. आणि विमानाच्या तीन तासांवर विसंबून घरातून निघणाऱ्याचे विमान चुकते, तिकिटाचे पैसे बुडतात, कधी नोकरीही जाते. म्हणून मुंबई ते दुबई हे अंतर किती, विमानाला तेवढाच वेळ का लागतो, घड्याळात तो वेगळाच का दिसतो आणि आपल्या उंबऱ्यापासून मोजला तर तो किती होतो, याचा हिशेब एकदा नीट मांडू या. ज्यांच्या घरचे कोणी तिकडे आहे किंवा जायच्या बेतात आहे, त्यांनी हा हिशेब घरच्या बायामाणसांनाही समजावून सांगावा.

गुवाहाटीपेक्षा जवळ

मुंबईच्या विमानतळापासून दुबईच्या विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. नुसत्या आकड्याने काही कळत नाही, म्हणून आपल्याच देशातली गावे शेजारी ठेवून पाहा. मुंबईहून नागपूर विमानाच्या वाटेने सातशेच्या आत-बाहेर, दिल्ली साडेअकराशेच्या आसपास, कोलकाता साडेसोळाशेच्या थोडे वर. आणि आसामातले गुवाहाटी दोन हजारांच्या पुढे. म्हणजे परमुलुख म्हणतो ती दुबई आपल्या देशातल्या गुवाहाटीपेक्षा मुंबईला जवळ आहे. मधे समुद्र आहे म्हणून ती लांब वाटते, एवढेच.

सरळ अंतर म्हणजे काय, हे एक कलिंगड घेऊन घरीच पाहता येईल. कलिंगडावर दोन ठिकाणी टाचण्या टोचा आणि दोन्हींमध्ये दोरा ताणून बांधा. दोरा जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. पृथ्वी गोल असल्यामुळे ही वाट सपाट नकाशावर काढली तर वाकडी दिसते. मुंबई-अमेरिका अशा लांबच्या प्रवासात हा वाकडेपणा डोळ्यांत भरतो. दुबई जवळ आहे, त्यामुळे फरक थोडा.

ही वाट जाते कुठून? मुंबईचा किनारा सोडला की खाली अरबी समुद्र, तो थेट पलीकडच्या टोकापर्यंत. मस्कत डाव्या हाताला ठेवून विमान ओमानच्या आखातावर येते, तिथले उघडे डोंगर ओलांडते आणि वाळवंटाच्या कडेला दुबईत उतरते. या वाटेवर पाकिस्तानची जमीन लागत नाही. याचा फायदा २०२५ मध्ये दिसला. त्या वर्षी एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून आखाताकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना खाली वळसा घालावा लागला. मुंबईच्या विमानांना या वाटेसाठी असा मोठा वळसा पडला नाही.

पूर्वी हीच वाट

मुंबई आणि आखात यांचे येणे-जाणे विमानाने सुरू झाले असे समजू नका. शिडाची गलबते शतकानुशतके हा समुद्र ओलांडत होती. तिकडून खजूर आणि मोती यायचे, इकडून तांदूळ, कापड आणि इमारती लाकूड जायचे. त्या खलाशांचे वेळापत्रक म्हणजे वारा. हिवाळ्यात समुद्रावर ईशान्येचा वारा सुटतो, तो पाठीशी घेऊन गलबत अरबस्तानाकडे जायचे. नैर्ऋत्येचा वारा, म्हणजे आपल्याकडे पाऊस आणतो तोच, तिकडून इकडे यायला उपयोगी. मात्र ऐन आषाढात दर्या खवळलेला असतो, म्हणून त्या वाऱ्याची सुरुवात नाहीतर शेवट गाठायचा. एक वारा चुकला की पुढच्या वाऱ्यापर्यंत थांबा! विमान चुकले म्हणून हळहळणाऱ्याने हे मनात आणावे.

पुढे आगबोटी आल्या. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई अशी बंदरे घेत आखातात वर जायच्या. गरिबाची जागा उघड्या डेकवर. स्वतःची वळकटी, स्वतःचा डबा. या मार्गावरची शेवटची बोट 'द्वारका'. ती १९८२ मध्ये बंद झाली. आखातात जुन्या काळी गेलेले आपल्याकडचे किती तरी लोक या बोटींनी गेले आहेत.

विमानांचे म्हणाल तर १५ ऑक्टोबर १९३२ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाची थैली घेऊन लहानसे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर आणले. कराचीला ती टपाल आली होती इंग्लंडहून येणाऱ्या विमानाने. त्याच ऑक्टोबरात इंग्लंडहून हिंदुस्थानला येणाऱ्या विमानांचा रात्रीचा मुक्काम दुबईच्या शेजारी शारजा येथे सुरू झाला. १९३७ पासून पाण्यावर उतरणारी विमाने दुबईच्या खाडीतच उतरू लागली. जमिनीवरचा दुबईचा विमानतळ १९६० साली झाला, आणि त्याची पहिली धावपट्टी दाबून बसवलेल्या वाळूची होती. आज तोच विमानतळ परदेशी प्रवाशांच्या संख्येत जगात पुढे आहे.

आणखी एक गंमत सांगतो, पुष्कळांना ती ठाऊक नसते. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात आपला रुपया चालत होता. आखातासाठी वेगळ्या नोटा रिझर्व्ह बँकेनेच १९५९ पासून छापल्या होत्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्यानंतर त्यांनी रुपया सोडला. आज त्यांच्या दिरहमासाठी आपली माणसे समुद्रापार जातात.

तीन तासांचा हिशेब

आता विमानाच्या वेळेकडे येऊ. मोठे प्रवासी विमान वर स्थिरावले की ताशी साधारण ८५० किलोमीटरने जाते. १,९३० ला ८५० ने भागा. सव्वादोन तास येतात. मग तिकिटावर तीन, सव्वातीन तास का लिहिलेले असतात? कंपनी लबाडी करते का?

तसे नाही. तिकिटावरची वेळ विमान फलाट सोडते तिथपासून पलीकडच्या फलाटाला लागते तिथपर्यंतची असते. एस.टी. स्टँडातून बाहेर पडून हमरस्त्याला लागेपर्यंत जशी रेंगाळते, तसेच विमानाचे. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर दिवसभर उतरणाऱ्या-उडणाऱ्या विमानांची रांग. त्या रांगेत पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. मग उडाल्यावर दहा-अकरा किलोमीटर उंची गाठेपर्यंत वेग कमी, आणि उतरताना अर्धा तास आधीपासून वेग कमी करीत यायचे. परत येताना मुंबईवर गर्दी असली तर आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. हे सगळे धरून तीन तास होतात.

त्यात भर वाऱ्याची. भरल्या नदीत होडी प्रवाहाविरुद्ध न्यायला किती वेळ लागतो आणि प्रवाहाबरोबर किती, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. हवेतही तसेच आहे. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थान आणि आखात यांच्या वर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. दिल्ली-पंजाबकडे थंडीत पाऊस आणि गारा आणणारे ढग याच पश्चिमी वाऱ्यांबरोबर येतात. दुबईला जाणाऱ्या विमानाला हा वारा तोंडावर घ्यावा लागतो, येणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. समजा वारा ताशी ८० किलोमीटरचा आहे. जाताना वेग ७७० उरला, अडीच तास लागले. येताना तोच ९३० झाला, दोन तास पाच मिनिटांत काम झाले. म्हणून जायला सव्वातीन तास आणि यायला पावणेतीन, असे तिकिटावर दिसले तर घोटाळा समजू नका.

यात मौज अशी की हिवाळ्यात समुद्राच्या पाण्यावरचा वारा गलबताला अरबस्तानाकडे ढकलतो, आणि त्याच दिवशी, त्याच समुद्रावर दहा किलोमीटर उंच, वारा विमानाला मागे लोटतो. पावसाळ्यात वरचे चित्र पालटते. तेव्हा दक्षिण भारताच्या वर फार उंचावर पूर्वेकडून जोराचा वारा वाहतो. १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास करून तो जगापुढे मांडणारे शास्त्रज्ञ आपल्याच हवामान खात्याचे, पी. कोटेश्वरम्. त्या दिवसांत जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक बराच कमी होतो.

काही चौकस मुले विचारतात, पृथ्वी तर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसते वर जाऊन थांबले तर दुबई आपोआप खाली येणार नाही का? नाही येणार. धावत्या एस.टी.त माशी उडत असते, ती मागच्या काचेवर आपटत नाही. कारण गाडीतली हवा गाडीबरोबरच चाललेली असते. पृथ्वीही आपली हवा बरोबर घेऊन फिरते आणि विमान त्या हवेत असते.

घड्याळाची दीड तासाची फसगत

नवख्या माणसाला खरा गोंधळात पाडतो तो घड्याळाचा काटा. तिकिटावर लिहिलेले असते : मुंबईहून सुटणार सकाळी १०, दुबईला पोचणार ११.४५. माणूस म्हणतो, अरे वा, पावणेदोन तासांत! परतीच्या तिकिटावर असते : दुबईहून सुटणार रात्री १०, मुंबईला पोचणार मध्यरात्रीनंतर २.३०. तो म्हणतो, हे साडेचार तास कसे?

दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावाच्या घड्याळाची आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या गावाच्या घड्याळाची छापतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. तिकडचे ११.४५ म्हणजे आपले सव्वाएक. म्हणजे जायला सव्वातीन तास लागले. तिकडचे रात्रीचे १० म्हणजे आपले साडेअकरा. म्हणजे यायला तीन. जाताना दीड तास मिळवा, येताना दीड तास वजा करा. एवढे पाठ असले की पुरे.

दीड तासच का? सूर्य पूर्वेकडून येतो. पृथ्वीची एक अंशाची फिरकी चार मिनिटांत होते. मुंबई आणि दुबई यांच्यात साडेसतरा अंशांचे अंतर आहे, म्हणजे मुंबईत सूर्य डोक्यावर आल्यावर सुमारे सत्तर मिनिटांनी तो दुबईत डोक्यावर येतो. मग दीड तासातली उरलेली वीस मिनिटे कुठली? ती माणसांनी ठरवलेली आहेत. आपले सगळ्या देशाचे घड्याळ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. त्यामुळे मुंबईत घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून माथ्यावर यायचा असतो. पाऊण तासाच्या आतबाहेर उशीर. म्हणूनच मुंबईचे जुने लोक 'मुंबई टाइम' निराळा धरीत. तो देशाच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होता आणि मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होता. दुबईचे घड्याळही तिथल्या सूर्याच्या थोडे पुढेच आहे, पण आपल्याइतके नाही. त्या दोन पुढाव्यांमधला फरक म्हणजे ही वीस मिनिटे.

हा दीड तास घरच्या माणसांना रोज उपयोगी पडतो. रात्री नऊला जेवणे आटोपून आई फोन लावते आणि पोरगा उचलत नाही, मग तिचा जीव खालीवर होतो. पण तिकडे तेव्हा साडेसातच वाजलेले असतात. तो कदाचित कामावरून बसमध्ये असेल किंवा आंघोळीच्या रांगेत. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, तिथल्या सरकारच्या नियमाप्रमाणे उघड्या उन्हातले काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावे लागते. आपल्या घड्याळाने ते दोन ते साडेचार. बांधकामावरच्या मुलाशी चार शब्द निवांत बोलायचे तर हा वेळ चांगला.

मध्यरात्रीची तारीख

आता सांगतो ती गोष्ट अगदी लक्ष देऊन वाचा, कारण सगळ्यांत जास्त घात इथे होतो. आखाताकडची पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा तिकिटावर आहे : १५ तारीख, ००.४५. याचा अर्थ १५ तारखेची रात्र नव्हे. १४ तारखेची रात्र संपून पाऊण तास झाला की, ती वेळ. आपण मात्र पहाट होईपर्यंत आदलाच वार धरतो. "पंधराच्या रात्रीचे विमान" असे समजून माणूस १५ ला सकाळी आरामात घरून निघतो, आणि तो एस.टी.त बसतो तेव्हा त्याचे विमान दुबईला पोचून माणसे उतरूनही गेलेली असतात.

म्हणून तिकीट हाती आले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला खूण करू नका. घरून निघण्याच्या तारखेला करा.

उंबऱ्यापासून मोजा

हेच तिकीट घेऊन हिशेब करू. माणूस गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतला. विमान १५ ला ००.४५. परदेशी विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर हजर राहावे असे सांगतात, म्हणजे १४ ला रात्री पावणेदहा. वाडीतून चिपळूण तास-दीड तास. चिपळूणहून हमरस्त्याने मुंबईच्या तोंडाशी यायला सात-आठ तास धरा. पुढे शहरातून विमानतळापर्यंत दीड-दोन तास. म्हणजे सकाळी नऊला घर सोडले तर रात्री आठला पोचाल आणि पावणेदोन तास हाताशी राहतील. पावसाळ्यात दरड आली, गणपतीच्या दिवसांत रस्ता तुंबला, तर हा पावणेदोन तासांचा आधार पुरणार नाही. माझे मत विचाराल तर पावसाळ्यात आदल्या दिवशीच मुंबईला नातेवाइकांकडे येऊन झोपावे. पाहुणचाराचा संकोच धरू नये. तिकीट त्याहून महाग असते.

पुढे पाहा. विमान आपल्या चार वाजता, तिकडच्या अडीच वाजता दुबईला लागले. पासपोर्टची रांग, सामान, कंपनीच्या गाडीची वाट, मग कामगारांच्या वस्तीपर्यंतचा रस्ता. पलंगाला पाठ टेकेपर्यंत तिकडचे साडेपाच, आपले सात. सकाळी नऊला उंबरा ओलांडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टेकला. बावीस तास! आणि त्यांत प्रत्यक्ष हवेत गेले ते पावणेतीन. म्हणजे रुपयात दोन आणे.

उरलेल्या चौदा आण्यांत घसरण्याच्या जागा बऱ्याच. पहिली म्हणजे विमानतळ कोणता? नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने सुरू झाली. तेव्हा नुसते 'मुंबई' वाचून सहारला जाऊ नका, तिकिटावर विमानतळाचे पूर्ण नाव पाहा. दुबईलाही दोन विमानतळ आहेत, आणि शारजा शेजारीच आहे. न्यायला येणारा एकीकडे आणि आपण दुसरीकडे, असे व्हायला नको. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा इकडच्या मंडळींनी तिकीट काढण्यापूर्वी गोव्याहून किंवा पुण्याहून आखाताचे विमान मिळते का, हे अवश्य विचारावे. तिकिटात थोडे जास्त गेले तरी रस्त्याचा अर्धा दिवस वाचतो.

दुसरी जागा म्हणजे सामान घेण्याचा काउंटर. विमान सुटण्यापूर्वी एक तास, काही कंपन्यांचा सव्वा तास आधी, तो बंद होतो. विमान समोर उभे दिसत असले तरी मग आत घेत नाहीत. एस.टी.च्या कंडक्टरला हाक मारून थांबवावे तसे इथे चालत नाही.

तिसरी पासपोर्टची. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ई.सी.आर.चा शेरा असतो. असा माणूस दुबईला नोकरीसाठी जात असेल तर सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेतून, नोंदणी असलेल्या एजंटामार्फत, ती मिळते. ती नसेल तर मुंबईलाच परत पाठवतात. "आधी फिरायच्या व्हिसावर जा, नोकरी तिकडे गेल्यावर लावू," असे सांगणारा एजंट भेटला तर त्याला पैसे देण्याआधी दहादा विचार करा. फिरायच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे.

चौथी आमच्या माताभगिनींसाठी. मुलाच्या पिशवीत मसाला, लोणचे, लाडू भरताना खसखस घालू नका. मसाल्यातही नाही, अनारशांवरही नाही. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, पण दुबईच्या कायद्यात तिला बंदी आहे आणि तिच्यापायी माणसे अडकलेली आहेत. औषधे असतील तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर द्या आणि ते औषध तिकडे चालते का, याची आधी चौकशी करा.

माणसाचे जे, तेच मालाचे. बागायतदाराला सांगतात की हापूस विमानाने तीन तासांत दुबईला. पण पेटीचा प्रवासही कलमापासून मोजायचा असतो. तोडणी, प्रतवारी, भरणी, ट्रकने मुंबई, तपासणी, कीड-रोगमुक्तीचा दाखला, विमानात जागा मिळण्याची वाट. मग तिकडची तपासणी, आणि मग भाजी-फळांचा अवीरचा बाजार. यात दोन-तीन दिवस जातात. याउलट न्हावा-शेव्याहून जेबेल अलीला बोट चार-पाच दिवसांत पोचते आणि थंड कंटेनरात भाडे पुष्कळच कमी पडते. पहिल्या बहराच्या चढ्या भावाच्या पेट्यांना विमान परवडते. कांद्याला आणि मोठ्या मालाला बोटच बरी. व्यापारी "विमानाचा खर्च" म्हणून भावात कापतो तेव्हा माल खरेच विमानाने गेला का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

निरोप गेल्यावर

शेवटी एक अवघड गोष्ट. घरात कोणी दगावले किंवा शेवटच्या घटका मोजत आहे, आणि मुलगा दुबईला. भावकी विचारते, थांबायचे का? कोणी म्हणते, तीन तासांचा तर प्रवास आहे, थांबू या. सकाळपासून संध्याकाळ होते, मुलगा येत नाही, माणसे कंटाळतात, आणि कोणीतरी लागेल असे बोलून जाते. अशा वेळी कोणाचा दोष नसतो, हिशेब चुकलेला असतो.

खरा हिशेब असा. समजा आपल्या साडेसात वाजता, तिकडच्या संध्याकाळी सहाला, मुलाला निरोप मिळाला. पासपोर्ट त्याच्याजवळ आहे, साहेबाने रजा दिली, आणि रात्री दहाच्या विमानात जागाही मिळाली. तर तो आपल्या अडीच वाजता मुंबईला उतरेल. बाहेर पडायला साडेतीन. गाडी आधीच सांगून ठेवली असेल आणि रात्रीचा रस्ता मोकळा मिळाला तर गुहागरकडच्या वाडीत तो सकाळी साडेदहा-अकराला पोचेल. निरोपापासून पंधरा-सोळा तास, आणि तेही कुठेच काही अडले नाही तर. त्या रात्रीचे विमान हुकले आणि सकाळचे मिळाले, तर येईपर्यंत दुसरी रात्र.

म्हणून भावकीने त्याला "कधी येतोस?" एवढेच विचारू नये. चार गोष्टी विचाराव्यात. पासपोर्ट हातात आहे का? रजा मिळाली का? तिकीट प्रत्यक्ष निघाले का? विमान किती वाजता सुटते? पहिल्या तिन्हींना 'हो' आले की सुटण्याची वेळ घ्यावी, त्यात वरचा हिशेब मिळवावा आणि त्यावर थांबायचे की नाही ते ठरवावे. तिन्हींपैकी एकाला जरी 'अजून नाही' असेल, तर किती वेळ थांबावे लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. पासपोर्ट मालकाने स्वतःजवळ दाबून ठेवणे तिथल्या कायद्याने मना आहे. तरी काही ठिकाणी तो कंपनीच्या कपाटात असतो. मुलगा सुट्टीवर घरी आला की ही एक गोष्ट त्याला आवर्जून विचारून ठेवा. उलट बाजूने, आपला माणूस तिकडे दगावला तर देह यायला काही दिवस लागू शकतात. ते अंतरामुळे नव्हे, कागदांमुळे. तिथली पोलीस व इस्पितळाची कागदपत्रे आणि आपल्या दुबईतल्या वकिलातीचा दाखला झाल्याशिवाय विमान तो घेत नाही.

मुलाने विमानात बसण्यापूर्वी विमानाचा नंबर घरी कळवावा. नंबर हाती असला की विमान वेळेवर सुटले का, उतरले का, हे कंपनीच्या फोनवर किंवा मोबाइलवर लगेच कळते. तो नंबर मुंबईतल्या नातेवाइकाला द्या आणि गाडीवाल्यालाही. गाडीवाल्याला सांगताना विमान उतरण्याच्या वेळेत एक तास वाढवून सांगा, आणि तारीख दोनदा वाचून दाखवा.